फुली पडली, पण आकडा कुठाय? बोलिंगचे नियम आणि गुणांचा हिशेब

दहाच्या दहा पिना आडव्या झाल्या. मागं उभी असलेली पोरं ओरडली, टाळ्या पडल्या, आणि वरच्या स्क्रीनवर उमटली फक्त एक फुली. खालची आकड्याची चौकट रिकामीच. मॉलमधल्या गेमिंग झोनला पहिल्यांदा आलेल्या घोळक्यात या वेळी कुणीतरी हमखास विचारतं, "मशीन बिघडली का? कामून आकडा येईना?" मशीन ठणठणीत असते. तो आकडा अजून ठरलेलाच नसतो.

मोंढ्यात माल घेऊन जाणाऱ्याला हे लगेच उमजेल. सोयाबीनचे कट्टे काट्यावर चढले, वजन झालं, म्हणून पट्टी लगेच हातात पडत नाही. भाव निघावा लागतो. स्ट्राइकचंही, म्हणजे पहिल्याच बॉलवर दहाही पिना पाडण्याचंही, तसंच आहे. माल उतरलाय, पण त्याचा भाव पुढचे दोन बॉल ठरवणार. ते पडेपर्यंत आडतीत बसून राहायचं.

एवढं एक डोक्यात बसलं की बाकीचा खेळ सोपा आहे. तेव्हा लेन आणि पिनांची ओळख झटपट उरकू आणि हिशेबाकडं निवांत येऊ.

लेन, पिना आणि बॉल

बॉल जिथून सोडायचा ती फाउल लाइन. तिथून सगळ्यात पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंत अंतर 60 फूट. क्रिकेटच्या खेळपट्टीवर स्टंप ते स्टंप 66 फूट असतात, त्याहून सहा फूट कमी. रुंदी मात्र जेमतेम साडेएक्केचाळीस इंच, आणि तेवढ्यात 39 पट्ट्या बसवलेल्या. दोन्ही अंगांना गटर. फाउल लाइनच्या अलीकडं पावलं टाकायला किमान 15 फूट मोकळी जागा असते. लाइनच्या पलीकडं 12 ते 16 फुटांच्या दरम्यान सात बाण रंगवलेले दिसतात, दर पाचव्या पट्टीवर एक. ते शोभेसाठी नाहीत. नवखा माणूस पिनांकडं बघून बॉल टाकतो आणि जाणता बाणाकडं बघून, कारण 60 फुटांवरच्या खुणेपेक्षा 15 फुटांवरची खूण धरणं केव्हाही सोपं. गेमिंग झोनमधल्या काही लेन या मापाहून आखूड असतात, पण गुणांचे नियम तेच.

पिन 15 इंच उंच आणि दीड किलोपेक्षा थोडी जड. दहा पिना त्रिकोणात उभ्या असतात आणि शेजारच्या दोन पिनांच्या मध्यांमध्ये 12 इंच अंतर असतं. टोकाची पिन 1 नंबरची. तिच्या मागं डावीकडून 2 आणि 3, मग 4, 5, 6 आणि शेवटच्या ओळीत 7, 8, 9, 10. म्हणजे डाव्या कोपऱ्यात 7 आणि उजव्या कोपऱ्यात 10. हे नंबर लक्षात ठेवा, पुढं सारखे लागणार आहेत.

बॉलवर लिहिलेला आकडा म्हणजे पौंडातलं वजन. जास्तीत जास्त 16 पौंड, म्हणजे 7.26 किलो, थेट पुरुषांच्या गोळाफेकीतल्या गोळ्याइतकं. 8 नंबरचा बॉल साधारण 3.6 किलोचा, 12 नंबरचा 5.4 किलोचा. वजन कितीही असो, आकार जवळपास सारखाच, व्यास सुमारे साडेआठ इंच. त्यामुळं गंमत अशी की 10 पौंडांचा बॉल हौदात टाकला तर तरंगेल आणि 14 पौंडांचा तळाला जाईल. वजन निवडताना आपल्या वजनाचा दहावा हिस्सा हा ढोबळ अंदाज चालतो. 60 किलोच्या माणसाला 13 पौंडांपर्यंत. पहिल्यांदाच खेळत असाल तर त्यातून एक-दोन पौंड कमीच करा.

आता हिशेब

एका डावात दहा फ्रेम. प्रत्येक फ्रेममध्ये दहा पिना पाडायला जास्तीत जास्त दोन बॉल. दोन्ही बॉल टाकूनही पिना उरल्या तर ती ओपन फ्रेम. जितक्या पडल्या तितके गुण, बाकी काही नाही, आणि आकडा लगेच लागतो. उरलेल्या सगळ्या पिना दुसऱ्या बॉलवर पडल्या तर स्पेअर. स्क्रीनवर तिरकी रेघ येते. स्पेअरचे गुण 10 अधिक पुढच्या एका बॉलवर पडलेल्या पिना. पहिल्याच बॉलवर दहाही पडल्या तर स्ट्राइक, म्हणजे फुली. त्या फ्रेममध्ये दुसरा बॉल मिळत नाही. गुण 10 अधिक पुढच्या दोन बॉलवर पडलेल्या पिना.

घोळ होतो तो इथंच. पुढचे दोन बॉल म्हणजे पुढच्या दोन फ्रेम नव्हेत. आणि बोनस म्हणून जोडलेल्या पिना पुढच्या फ्रेममधून कापल्याही जात नाहीत. त्या तिथंही मोजल्या जातात आणि इथंही. एकच पीक दोन खात्यांवर चढलं असं समजा, फक्त इथं ते कायदेशीर आहे.

एक आख्खा डाव मांडून बघू. वही-पेन घेतलंत तर बरं.

पहिली फ्रेम: 7 आणि 2. ओपन. एकूण 9.

दुसरी: 8, मग उरलेल्या दोन्ही. स्पेअर. आकडा थांबला.

तिसरी: स्ट्राइक. दुसरीचा भाव निघाला, 10 अधिक 10, म्हणजे 20. एकूण 29. तिसरी मात्र थांबलेली.

चौथी: पुन्हा स्ट्राइक. तिसरीला एक बॉल मिळाला, अजून एक हवा. आता दोन फ्रेमा रिकाम्या दिसतात आणि स्क्रीनवर आकडा 29 लाच अडकलेला असतो.

पाचवी: 6 आणि 3. सहा पडताच तिसरी सुटली: 10 अधिक 10 अधिक 6, म्हणजे 26, एकूण 55. तीन पडताच चौथी सुटली: 10 अधिक 6 अधिक 3, म्हणजे 19, एकूण 74. आणि पाचवीचे स्वतःचे 9 धरून 83. एका बॉलवर आकडा 55 वरून थेट 83 वर उडी मारतो तो यामुळं.

सहावी: पहिला बॉल गटरमध्ये, दुसऱ्यावर दहाही आडव्या. ही स्ट्राइक नाही, स्पेअर आहे, कारण दहा पिना दुसऱ्या बॉलवर पडल्या. यावर वाद फार होतात.

सातवी: 7 आणि 1. सहावीला 10 अधिक 7, म्हणजे 17, एकूण 100. सातवीचे 8 धरून 108.

आठवी: स्ट्राइक.

नववी: 9 आणि मग उरलेली एक. स्पेअर. आठवीला 10 अधिक 9 अधिक 1, म्हणजे 20. एकूण 128.

दहावी: 8, मग दोन, म्हणजे स्पेअर, म्हणून एक जादा बॉल, त्यावर 9. नववीला 10 अधिक 8, एकूण 146. दहावीचे 8 अधिक 2 अधिक 9, म्हणजे 19. डाव संपला 165 वर.

या डावात पिना पडल्या 105. उरलेले 60 गुण निव्वळ बोनसचे. दुसऱ्या फ्रेममधल्या त्या दोन पिना चुकल्या असत्या तर तिथं 20 ऐवजी 8 मिळाले असते. दोन पिनांपायी बारा गुण गेले असते.

म्हणून नवख्याला आमचं सांगणं एकच: स्ट्राइकच्या मागं लागू नका, स्पेअर पुरे करा. समजा एखाद्यानं दहाही फ्रेममध्ये पहिल्या बॉलवर 9 पाडल्या आणि शेवटची पिन प्रत्येक वेळी हुकवली. त्याचे 90. दुसऱ्यानंही प्रत्येक वेळी 9 च पाडल्या, पण ती एकटी पिन दर वेळी उचलली आणि शेवटच्या जादा बॉलवरही 9 काढल्या. त्याचे 190. पहिला बॉल दोघांचा सारखाच. फरक 100 गुणांचा, तोही एकही स्ट्राइक न मारता.

स्ट्राइक मात्र एकापाठोपाठ आल्या तर त्यांचा भाव चढत जातो. सहा फ्रेममध्ये तीन स्ट्राइक आणि तीन ओपन फ्रेमा (5 आणि 4) आल्या असं धरा. स्ट्राइक आणि ओपन आलटून पालटून पडल्या तर 84 गुण. तिन्ही स्ट्राइक आधी सलग पडून मग ओपन आल्या तर 101. पिना तेवढ्याच, गुण 17 नं जास्त. सलग तीन स्ट्राइकना टर्की म्हणतात. सलग बारा पडल्या तर 300, याच्या वर आकडा नाही.

फ्रेमा दहा आणि स्ट्राइक बारा कशा? दहाव्या फ्रेममुळं. तिच्यापुढं फ्रेमच नाही, म्हणून बोनसचे बॉल तिथंच टाकायला मिळतात. दहावीत स्ट्राइक पडली तर अजून दोन बॉल, स्पेअर पडली तर अजून एक, ओपन राहिली तर दोन बॉलवर खेळ खलास. या जादा बॉलवर पुन्हा बोनस चढत नाही. दहावीत स्ट्राइक, मग 7, मग उरलेल्या 3, तर गुण 20, विषय संपला. आणि नववीत स्ट्राइक असेल तर तिला दहावीचे पहिले दोनच बॉल मिळतात, तिसऱ्याशी तिचा संबंध नाही.

काय धरायचं, काय नाही

पिन हलली, डुलली, जागेवरून सरकली, पण उभी राहिली, तर ती उभीच. उडालेल्या पिनेनं दुसरी पाडली तर धरायची, बाजूच्या भिंतीला आपटून परतलेल्या पिनेनं पाडली तरी धरायची. पण मागच्या गादीवर आदळून परत आलेल्या बॉलनं पिन पाडली तर ती धरत नाहीत. बॉल आधी गटरमध्ये उतरला आणि उसळून परत लेनवर येऊन पिनेला लागला, तरीही शून्य. पिना झाडणाऱ्या आडव्या पट्टीच्या धक्क्यानं पडलेली पिनही मोजायची नाही.

बॉल सोडताना किंवा सोडल्यानंतर पाय अथवा अंगाचा कुठलाही भाग फाउल लाइनच्या पलीकडं टेकला की फाउल. पिना कितीही पडोत, त्या बॉलचे शून्य, आणि बॉल मात्र खर्ची पडला. पहिल्याच बॉलवर फाउल झाला तर दहाही पिना पुन्हा उभ्या करतात. मग दुसऱ्या बॉलवर सगळ्या पाडल्या तर स्पेअर मिळतो. गेमिंग झोनमध्ये फाउलचा सेन्सर बहुतेक वेळा बंदच ठेवलेला असतो, म्हणून तिथं कुणाला सवय लागत नाही. स्पर्धेत उतरल्यावर हीच सवय नडते. शिवाय लाइनच्या पलीकडं तेल असतं. नियम राहू द्या बाजूला, पाठीवर आपटाल.

तेल कशाला? एका लेनवर ते असतं जेमतेम 20 ते 30 मिलिलिटर, चार-सहा चमचे. लेनच्या पहिल्या साधारण 40 फुटांवर त्याचा पातळ थर मारलेला असतो आणि शेवटचा टप्पा कोरडा. बॉल तेलावरून घसरत जातो आणि कोरड्यावर आला की पकड घेऊन वळतो. तिथं ठेवलेले भाड्याचे प्लास्टिकचे बॉल फारसे वळत नाहीत. सरळच जातात. नवख्यासाठी ते चांगलंच आहे.

स्ट्राइक पडते कशी

पुढची पिन बरोबर मधोमध धरली की स्ट्राइक, असं वाटतं. होतं उलटंच. बॉल थेट 1 नंबरवर आदळला की मधल्या पिना साफ होतात आणि दोन्ही कोपरे तसेच उभे राहतात. 1 नंबर पडून उरलेल्या पिनांमध्ये अशी खिंड राहिली की तिला स्प्लिट म्हणतात. त्यातली सगळ्यात वाईट 7 आणि 10 ची, दोन कोपऱ्यांतल्या दोन पिना. तिथं निमूट एक घ्यायची आणि पुढं जायचं.

उजव्या हातानं खेळणाऱ्यानं बॉल 1 आणि 3 च्या मधल्या फटीत घालायचा, डावखुऱ्यानं 1 आणि 2 च्या मधल्या. या फटीला पॉकेट म्हणतात. उजव्या हाताच्या नेमक्या स्ट्राइकमध्ये बॉल स्वतः चारच पिनांना शिवतो: 1, 3, 5 आणि 9. बाकीचं काम पिना एकमेकींवर करतात. 1 नं 2 ला पाडलं, 2 नं 4 ला, 4 नं 7 ला. तिकडं 3 नं 6 ला आणि 6 नं 10 ला. मधे 5 नं 8 ला. लगोरीत चेंडू नेमका कुठल्या चिपेला लागला यावर ढीग कसा कोसळतो ते ठरतं ना, तेच हे.

आता कळेल की फार हलका बॉल का नको. 1 नंबरवर आपटल्यावर हलका बॉल बाहेरच्या बाजूला फेकला जातो. मग 5 ला धक्का लागत नाही आणि 8 नाहीतर 5 उभी राहते. जोरात टाकून याची भरपाई होत नाही. उलट जोराच्या नादात दिशा जाते.

हात आणि पाय

अंगठा, मधलं बोट आणि करंगळीशेजारचं बोट. तीन भोकं, तीन बोटं. दोन बोटं दुसऱ्या पेरापर्यंत आत जावीत आणि अंगठा पूर्ण आत जाऊन मोकळा फिरावा. अंगठ्याचं भोक घट्ट असलं तर बॉल हातातून उशिरा सुटतो, वर उचलला जातो आणि धप्पकन आपटतो. सैल असलं तर बॉल निसटू नये म्हणून आपण नकळत आवळून धरतो आणि मनगट वाकतं. बॉल बदलायला लाजू नका. रॅकवर इतके ठेवलेले असतात ते यासाठीच.

चार पावलांची चाल, उजव्या हाताला: उजवा, डावा, उजवा आणि शेवटी डावा पाय घसरत. पहिल्या पावलाबरोबर बॉल पुढं ढकलायचा, मग हात लंबकासारखा आपोआप मागं जाऊन पुढं येऊ द्यायचा. बॉल घोट्याजवळून गेल्यावर सोडायचा आणि हात बाणाच्या दिशेनं वर न्यायचा. बहुतेकांचं बिघडतं ते शेवटच्या क्षणी. हात अंगाच्या आडवा डावीकडं ओढला जातो आणि बॉल डाव्या गटरात. उपाय साधा आहे. बॉल बाणावरून जाईपर्यंत डोळे बाणावरच ठेवा.

बॉल ठरलेल्या बाणावरून गेला, पण पिनांच्या फार डावीकडं पोचला, तर पाय डावीकडं सरकवा. उजवीकडं पोचला तर उजवीकडं. चूक ज्या बाजूला, पाय त्याच बाजूला, बाण तोच. ऐकायला उलटं वाटतं, पण खुंटी तीच ठेवून दोरीचं अलीकडचं टोक डावीकडं नेलं की पलीकडचं उजवीकडं जातं. डाव्या बाजूच्या पिना उरल्या तर हाच हिशेब उलट फिरवायचा: स्ट्राइकच्या जागेवरून 2 साठी तीन पट्ट्या उजवीकडं, 4 साठी सहा, 7 साठी नऊ. 10 नंबरसाठी मात्र डाव्या टोकाला जाऊन तिरका सरळ बॉल टाका.

बुटांचा तळ ओला होऊ देऊ नका. शेवटचं पाऊल घसरायला हवं. शेजारच्या टेबलावर सांडलेलं पाणी किंवा कोल्ड्रिंक तळाला लागलं की पाय तिथंच चिकटतो आणि माणूस तोंडावर जातो. पायमोजे घरूनच न्या. शेजारच्या लेनवर कुणी तयार उभं असेल तर उजवीकडच्याला आधी जाऊ द्यायचं. आणि पिना झाडणारी पट्टी खाली असताना बॉल कधीच टाकायचा नाही. ती तुटते आणि भुर्दंड आपल्या माथी बसतो.

दुसरी एक पद्धत

वर सांगितलेली पद्धत रूढ आहे. आंतरराष्ट्रीय पातळीवर काही ठिकाणी सोपी मोजणीही वापरतात. तीत उधारी नाही. स्ट्राइक पडली की रोख 30. स्पेअरला 10 अधिक त्याच फ्रेममधल्या पहिल्या बॉलच्या पिना. दहावीत जादा बॉल नाही. आपला 165 चा डाव या पद्धतीनं मोजला तर 181 होतो. पण गटर आणि मग दहाही, या सहाव्या फ्रेमला फक्त 10 मिळतात, कारण पहिला बॉल शून्याचा. एक खरं, इथं आकडा लागलीच लागतो आणि कुणी काउंटरवर भांडायला जात नाही.

घरच्या मंडळींत किंवा ऑफिसच्या गटात नवखे आणि सरावलेले एकत्र खेळत असतील तर हँडिकॅप लावा. 200 मधून खेळाडूची सरासरी वजा करायची आणि उरलेल्याच्या 80 टक्के गुण त्याला आधीच द्यायचे. सरासरी 110 असेल तर 72 गुण, 160 असेल तर 32. एवढ्यानं सामना बरोबरीच्या जवळ येतो.

मशीन कधी खरोखरच चुकते, तेही सांगायला हवं. दोरीला बांधलेल्या पिनांच्या यंत्रात एकीची दोरी दुसरीला ओढून पाडते आणि यंत्र ती पडलेलीच धरतं. कॅमेऱ्यावर मोजणाऱ्या यंत्रात डुलणारी पिन पडली असं समजलं जातं, किंवा पडलेली पिन राहून जाते. पहिला बॉल पडला की स्क्रीनकडं नंतर बघा, आधी उभ्या पिना स्वतः मोजा. आकडा जुळला नाही तर पुढचा बॉल टाकायच्या आधी काउंटरला सांगा. त्यांच्याकडून दुरुस्ती करता येते. "एका पिनेनं काय होतंय" म्हणून सोडून देऊ नका. आपल्या डावातल्या पाचव्या फ्रेमचा पहिला बॉल, तो 6 चा, तिसऱ्या फ्रेममध्ये मोजला गेला, चौथीत मोजला गेला आणि पाचवीतही. तिथं यंत्रानं 5 लिहिले असते तर त्या एका बॉलचे तीन गुण गेले असते.